आत्यासाहेबांमार्फत

जन्मभर मी एकच विद्या शिकवली, आणि ज्या गावात शिकवली त्या गावाला तिची काडीचीही गरज नव्हती. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं कसं सांगावं, ही ती विद्या. इंग्रजी व्याकरणात तिला डायरेक्ट आणि इनडायरेक्ट अशी भारदस्त नावं आहेत. आमच्या शाळेतली मुलं तिला 'डारेट-इनडारेट' म्हणत आणि परीक्षेत तिथेच हमखास आपटत. इंग्रज माणूस दुसऱ्याचं वाक्य सांगायला बसला की त्या वाक्याला सुखानं राहू देत नाही. 'मी'चा 'तो' होतो, 'आज'चा 'त्या दिवशी' होतो, 'इथे' उठून 'तिथे' जाऊन बसतं, आणि जे 'आहे' म्हणून सांगितलेलं असतं ते मुकाट्यानं 'होतं' होऊन जातं. आपल्या मराठीला ही यातायात माहीत नाही. 'तो म्हणाला, मी येतो.' संपलं. माणसाचे शब्द जसेच्या तसे उचलायचे आणि पुढे ठेवायचे.

हे झालं व्याकरण. ग्वाल्हेरात कुणी तसं बोलत असेल असं मात्र समजू नका. आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या वस्तीत, त्या काळी जी गोष्ट सरळ जागेवर पोचे ती उद्धटपणात जमा होई. माझ्या वडिलांनी माझ्या बायकोशी उभ्या जन्मात थेट शब्द काढला नाही. 'चहा झाला असेल तर हरकत नाही,' असं ते देवघराकडे तोंड करून म्हणत, आणि स्वयंपाकघरातून चहा येई. कचेरीत रजा हवी असली तर आधी कारकुनापाशी तब्येतीचं रडगाणं गावं लागे, मग ते पायरी पायरीनं वर चढे आणि वरून उत्तर येई ते भलत्याच गोष्टीचं असे. अशा गावात मी खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचो आणि सांगायचो, मुलांनो, दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते थोडं बदलावं लागतं. मुलं माझ्याकडे दयेनं बघत.

मी सांगतोय ते दिवस महाराज अजून वयात यायचे होते आणि रियासतीचा कारभार कौन्सिल पाहत होतं, तेव्हाचे. मी नुकताच बी. ए. होऊन गोरखी महालाजवळच्या एका शाळेत मास्तर झालो होतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून आले ते दफ्तर सांभाळायला. माझ्यापर्यंत येईतो दफ्तर दुसऱ्यांच्या हाती गेलं होतं आणि मला खडू उरला होता. एक दिवस शाळा सुटताना इंदरगंजापलीकडच्या एका सरदारांचा चपराशी मला बोलवायला आला.

हे घराणं मराठ्यांचं. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर आलेले. तलवारी आता दिवाणखान्याच्या भिंतीवर होत्या आणि सरदार स्वतः कुठल्याशा कमिटीवर होते. घरात सगळे त्यांना 'सरकार' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"मास्तर," सरकार म्हणाले, "आमच्या सूनबाईंना इंग्रजी बोलता आलं पाहिजे. आजकाल मेमसाहेब लोक घरी येतात. बाकीच्या सरदारांकडे बायका फरफर बोलतात आणि आमच्याकडे सगळ्या गुमसुम बसतात. फार शर्मिंदगी होते."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची त्या घरात सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. पण पडद्याचं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. सरकारांनीही ते सांगितलं नाही. त्या घरात पडदा असायचाच. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी मला आतल्या एका लांबट खोलीत नेलं. खोलीच्या मधोमध चिक सोडलेली होती, बांबूच्या बारीक काड्यांची, हिरव्या कापडाची किनार लावलेली. पलीकडे शिष्यीण. अलीकडे मी. आणि चिकेच्या कडेला, एक गुडघा अलीकडे आणि एक पलीकडे अशा बेतानं, सरकारांच्या विधवा बहीण बसलेल्या. त्या आत्यासाहेब. पुढ्यात पानाचा डबा, हातात अडकित्ता. शिष्यिणीला घरातले नोकरचाकर वहिनीसाहेब म्हणत, वडीलधारे सूनबाई. वय अठरा-एकोणीस. मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही, त्यामुळे वर्णनाच्या भानगडीत पडत नाही.

कायदा असा होता की मी जे काही बोलेन ते आत्यासाहेबांना उद्देशून बोलायचं. त्या ते पलीकडे सांगतील. वहिनीसाहेब कुजबुजत आत्यासाहेबांच्या कानाशी उत्तर देतील, आणि आत्यासाहेब ते मला सांगतील. आमच्या दोघांमधलं अंतर हातभर होतं.

"पुस्तक उघडायला सांगा," मी म्हणालो.

"मास्तर म्हणतात, पुस्तक उघडा," आत्यासाहेब म्हणाल्या. पान फडफडल्याचा आवाज त्यांच्या बोलण्याच्या आधीच आला होता.

मग मी पहिलं इंग्रजी वाक्य वाचलं आणि थांबलो. आत्यासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ए... काय म्हणालात?" मी पुन्हा वाचलं. त्यांनी ते दोन-तीनदा चघळून पाहिलं आणि वैतागल्या. आता शिकवणी इथेच आटोपणार असं मला वाटलं. पण आत्यासाहेब तशा व्यवहारी बाई होत्या. त्यांनी सुपारीचं खांड कातरून तोंडात टाकलं आणि तिथल्या तिथे निवाडा दिला.

"अहो मास्तर, ह्याला काय बोलणं म्हणायचं? ही तर पढाई आहे. इंग्रजी तुमचं तुम्ही सीधं चालू द्या. मराठी मात्र माझ्या मार्फत."

म्हणजे इंग्रजीत बोललेलं बोलण्यातच धरायचं नाही, असं ठरलं. पोपटाला राघू-मैना शिकवतात तसलं काहीतरी चाललंय, अशी त्यांची समजूत. ती समजूत अखेरपर्यंत ढळली नाही. परपुरुषानं घरच्या सुनेला इंग्रजीत 'तुला भूक लागली आहे का' विचारलं तरी चालत होतं. मराठीत 'पान उलटा' म्हणायलासुद्धा आत्यासाहेब लागत.

आणि आत्यासाहेब नुसता निरोप पोचवत असत्या तर गोष्ट वेगळी होती. त्या निरोप सुधारून घेत. एकदा मी चिडून म्हणालो, "अभ्यास काहीही झालेला नाही, असं सांगा." आत्यासाहेब पलीकडे म्हणाल्या, "मास्तर म्हणतात, तब्येतीला जपत जा." पलीकडून काहीतरी कुजबुज झाली. आत्यासाहेब माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई म्हणतात, पुस्तक फारच बढिया आहे." त्यावर चिकेआडून स्वच्छ आवाजात इंग्रजी वाक्य आलं, "आय डिड नॉट से दॅट, सर." मी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. पुस्तक नीरस आहे, असं त्या म्हणाल्या होत्या, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं, आणि ते खरंच होतं.

असं हे वहिनीसाहेबांचं इंग्रजी वाढलं. दुसऱ्या कशासाठी वाढलं असेल असं मला वाटत नाही. त्या कोठीत, सरकारांच्या त्या वाड्यात, मधल्या माणसावाचून बोलता येईल अशी ती एकच जागा होती. नवरा शिवपुरीकडे रिसाल्यात, महिन्या दोन महिन्यांनी येणार. आला तरी दिवसा बायकोशी बोलायची चाल नव्हती. माझ्या शाळेतली मुलं जी वाक्यं छडीच्या धाकानंही पाठ करत नसत, ती ही बाई आठवड्यात बोलायला लागायची.

दुसऱ्या वर्षी आम्ही डायरेक्ट-इनडायरेक्टला पोचलो. मी वाक्य द्यायचो, त्या फिरवायच्या. मग मी म्हटलं, आता वाक्यं तुम्ही तयार करा. त्यांनी तयार केलेलं पहिलं वाक्य मला आजही आठवतं. 'ती म्हणाली, मला माझ्या आईला भेटायचं आहे.' मी मास्तरकीच्या तोऱ्यात ते फिरवून दाखवलं. 'ती म्हणाली की तिला तिच्या आईला भेटायचं होतं.'

चिकेपलीकडे मग कुजबुज. आत्यासाहेब म्हणाल्या, "सूनबाई विचारतात, 'होतं' कशाला? अजून भेट झाली नाही ना."

मी उत्तर दिलं की जो सांगतो तो दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी उभा असतो, म्हणून त्याच्या तोंडी ते मागे पडतं. मला माझ्या उत्तराचा अभिमान वाटला. आत्यासाहेबांनी ते कसं पोचवलं कोण जाणे. वहिनीसाहेबांनी पुढचं वाक्य केलं. 'ती म्हणाली, माझी आई आजारी आहे आणि माझी बहीण लहान आहे.' त्याच्या पुढचं. 'ती म्हणाली, मला इथे येऊन तीन वर्षं झाली, मला कुणी पाठवत नाही.' तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला की इथे व्याकरण चाललेलं नाही. आत्यासाहेब सुपारी कातरत होत्या. त्यांच्या हिशेबी धडा झकास चालला होता.

माहेर देशावर, साताऱ्याच्या बाजूला. मी इंग्रजीतच विचारलं, घरात का सांगत नाही? त्यांनी सांगितलं ते असं. त्यांनी आत्यासाहेबांना सांगितलं होतं, 'मला आईला बघायला जायचंय.' आत्यासाहेबांनी सासूबाईंना, म्हणजे आईसाहेबांना, सांगितलं, 'सूनबाईंना माहेरची आठवण येते.' आईसाहेबांनी सरकारांच्या कानावर घातलं, 'सूनबाई जरा उदास असतात.' सरकार दयाळू होते. त्यांनी लगेच हुकूम सोडला, आणि त्या संध्याकाळी बग्गी जोडून, पडदे लावून, सूनबाईंना फूलबागेची हवा खिलवून आणलं. घरी आल्यावर आत्यासाहेबांनी विचारलं, आता बरं वाटतं ना? आता ह्यावर कुणी काय बोलावं!

गंमत बघा. मराठीचं व्याकरण सरळ आणि बोलणारी माणसं आडवळणाची. इंग्रजीचं व्याकरण आडवळणाचं, आणि त्या घरात सरळ बोलणं व्हायचं ते फक्त तिच्यात. वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांना ते लगेच समजलं असतं. पण असल्या गोष्टी वर्गात सांगायच्या नसतात.

श्रावणात आईचं दुखणं वाढल्याची खबर आली. खबर आली म्हणजे तिकडचा माणूस आला, सरकारांना भेटला, जेवला आणि परत गेला. वहिनीसाहेबांपर्यंत त्यातलं 'आईचं जरा बरं नाही' एवढंच झिरपलं. पुढे गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा माणूस येऊन गेला. त्यानंतरच्या शिकवणीला वहिनीसाहेबांचा आवाज मला वेगळा वाटला. "माय मदर इज बेटर नाऊ, सर," त्या म्हणाल्या. आत्यासाहेबांनी सांगितलं होतं. मलाही बरं वाटलं. त्या दिवसांत आत्यासाहेब सुनेवर फार माया करत होत्या. शिकवणी चालू असताना मध्येच उठून तिच्यासाठी दूध-बत्तासे मागवायच्या. म्हातारी विरघळली, असं मी मनाशी म्हटलं.

मग मेमसाहेबांचं ठरलं. रियासतीच्या नोकरीत एक इंग्रज इंजिनियर होता, त्याची बायको सरकारांकडे चहाला येणार होती. सरकारांनी मला आधी बोलावून काय काय बोलायचं त्याची तालीम करून घ्यायला सांगितलं. हवा छान आहे. ग्वाल्हेर तुम्हाला आवडलं का? आणखी एक कप घ्याच. "इतकंच बस," सरकार म्हणाले. "जास्ती नको. जास्ती बोललं की गडबड होते."

त्या दिवशी कोठीत सकाळपासून धावपळ होती. दिवाणखान्यात सरकार आणि साहेब बसले. साहेबाला आमची बोली जेमतेम, सरकारांचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग' आणि शिकारीपुरतं, म्हणून ते दोघे एकमेकांकडे बघून हसत होते आणि भिंतीवरच्या तलवारी दाखवत होते. आतल्या खोलीत बायकांची बैठक. मला चिकेच्या अलीकडे एक खुर्ची देऊन बसवलं होतं, अडलं तर सांगायला. आत्यासाहेब त्यांच्या नेहमीच्या जागी.

हवा छान आहे, हे झालं. ग्वाल्हेर आवडलं का, आणखी एक कप घ्याच, हेही झालं. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात वहिनीसाहेबांनी चौथं वाक्य बोलायला सुरुवात केली, जे मी शिकवलेलं नव्हतं. त्या शांतपणे, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. माझी आई आजारी होती, आता बरी आहे. तीन वर्षं मी तिला पाहिलेलं नाही. तुम्ही पुण्याला जाणार आहात असं मी ऐकलं. माझं गाव तिथून जवळ आहे. मला बरोबर न्याल का? मी विचारलं तर ते कुणाला ऐकू जात नाही. तुम्ही विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत.

आत्यासाहेब कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. "किती छान बोलतात हो आमच्या सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या.

मेमसाहेबांना पाझर फुटला असावा. त्यांनी पडद्याबिडद्याचा विचार न करता मोठ्यानं मला हाक मारली आणि म्हणाल्या, सरदारसाहेबांना जाऊन सांगा. मी उठलो. आतल्या खोलीपासून दिवाणखान्यापर्यंत जाईतो माझ्या मनात काय काय येऊन गेलं! त्या घरात निरोप कसा न्यावा हे मला एव्हाना पाठ झालं होतं. मेमसाहेब सूनबाईंची तारीफ करत होत्या, पुण्याचाही विषय निघाला होता, असं म्हणता आलं असतं. सरकार खूश झाले असते आणि बग्गी पुन्हा फूलबागेला गेली असती.

मी सरकारांसमोर उभा राहिलो आणि मराठीत, जसंच्या तसं, बोललो. "मेमसाहेब म्हणतात, 'तुमच्या सुनेला तिच्या आईला भेटायचं आहे. मी गुरुवारी पुण्याला निघते. माझ्या डब्यातून तिला घेऊन जाईन. तुम्ही नाही म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे.'"

सरकार रागावतील अशी मी तयारी ठेवली होती. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला आणि ते स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. साहेबानं विचारलं, काय झालं? मी त्यालाही इंग्रजीत सांगितलं. साहेब 'वा, वा' म्हणाला. तेव्हा सरकार एकदम मोठ्यानं हसले. "अवश्य! अवश्य! सांगा मेमसाहेबांना, आमची इज्जत वाढली." मी आत जाऊन सांगितलं. चिकेपलीकडे बांगड्या वाजल्या.

मोटार गेली. मी घरी निघालो होतो, तर सरकारांनी पोर्चमध्ये माझा दंड धरला आणि बाजूला नेलं.

"मास्तर, आता काय करायचं? त्या बाई तर गेल्या."

"मेमसाहेब? हो, आत्ताच गेल्या."

"मेमसाहेब नाही हो." सरकारांनी आवाज खाली घेतला. "सूनबाईंच्या मातोश्री. महिना झाला. गणपतीच्या आधी माणूस आला होता तो तीच खबर घेऊन."

सरकार घाईघाईनं सांगू लागले, जसा काही मीच त्यांचा जबाब घेत होतो. "मी आईसाहेबांना तेव्हाच म्हणालो, सांगून टाका. त्या म्हणाल्या, सण तोंडावर, घरात रडारड नको, वन्सं हळूहळू सांगतील. आत्यासाहेब म्हणाल्या, पोरगी एवढीशी, आधी जरा बरं नाही म्हणू, मग जास्त आहे म्हणू. पण 'जास्त आहे' म्हटलं की ती जायची जिद्द धरेल. मग त्यांनी सांगितलं, आता आराम आहे. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, मास्तर."

नव्हतंच. तेच तर! एका बाईचा मृत्यू तीन प्रेमळ माणसांच्या तोंडून फिरत फिरत मुलीपर्यंत पोचला तेव्हा ती बाई खडखडीत बरी झाली होती. मला भयंकर राग आला आणि तो काढायला समोर एकही दुष्ट माणूस नव्हता.

"मग आता सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"आता कसं सांगायचं? आता सांगितलं की सुतक, रडणं, सगळंच आलं. जाणं बंद. मग गुरुवारी मेमसाहेबांना काय जवाब द्यायचा? साहेबांसमोर मी जबान दिली आहे." सरकारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे तिला. तिकडे पोचली की कळेलच. तुम्ही आत जाऊन एवढंच सांगा, की परवानगी आहे, तयारी करा. बाकी काही बोलू नका."

मी पुन्हा त्या लांबट खोलीत गेलो. चहाचे कप अजून उचललेले नव्हते. आत्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या एका नजरेत मला कळलं की त्यांनाही पोर्चमधलं सगळं ठाऊक आहे. मी शिरस्त्याप्रमाणे त्यांना उद्देशून म्हणालो, "सरकार म्हणतात, परवानगी आहे. गुरुवारी निघायचं. तयारी करा."

"सरकार म्हणतात, परवानगी आहे हो, सूनबाई," आत्यासाहेब म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरकला. "तयारी करा."

पलीकडून लगेच इंग्रजी आलं. इतक्या घाईत की व्याकरणाची चटणी झाली होती. थँक यू, सर. आईसाठी चंदेरी घेऊन ठेवली आहे, मोरपंखी काठांची. मी तिला सांगणार, मला एका मास्तरांनी बोलायला शिकवलं. ती तुम्हाला आशीर्वाद देईल.

मला जे सांगायला पाठवलं होतं ते सगळं सांगून झालं होतं. मी जोडे घालून निघायचं, एवढंच उरलं होतं. साताऱ्याकडच्या त्या घराच्या उंबऱ्यावर चंदेरी हातात घेऊन उभी राहिलेली ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि तिला बघून दारातली धाकटी बहीण काय बोलेल तेही कानात वाजलं. मी जोडे घातलेच नाहीत. कुणीतरी, कुठेतरी, हिच्याशी एकदा नीट बोलायला हवं होतं. इतक्या माणसांत ते मास्तराच्या वाट्याला आलं.

'मदर' हा शब्द मी टाळला, कारण दोन वर्षं ऐकून ऐकून आत्यासाहेबांना तेवढा कळायला लागला होता. इंग्रजीतही अशा बातमीला गुळगुळीत शब्द पुष्कळ आहेत, मला सगळे येत होते. त्यातला एकही मी घेतला नाही. नेहमीच्या, धडा सांगायच्या आवाजात म्हणालो, "शी डाइड लास्ट मंथ." मग म्हणालो, "दे ऑल नो. इफ यू क्राय नाऊ, दे विल नॉट सेंड यू."

चिक हलली नाही. आत्यासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, मग चिकेकडे तोंड केलं.

"काय म्हणाले गं मास्तर?"

मग चिकेपलीकडून आवाज आला. कुजबुज नव्हे. चांगला खणखणीत, मला ऐकू येईल असा, मराठीतला. वहिनीसाहेबांचा मराठी आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

"म्हणाले, सामान आजच बांधायला घ्या. धाकट्या बहिणीसाठीही काहीतरी न्या, म्हणाले. आणि आईला माझा नमस्कार सांगा, म्हणाले."

आत्यासाहेबांनी पदर डोळ्यांना लावला. मी तसलं काहीही म्हणालो नव्हतो.